रक्त येतंय तिथेच ब्रश फिरवा

हिरडीतून रक्त यायला लागलं की बहुतेक माणसं त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडून देतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी बाकावर बसलेल्यांत असं कुणी ना कुणी असतंच. "रगत येतंय म्हणून ब्रश बंद केला बघा मॅडम, आता नुसतं बोटानं घासते." किती दिवस झाले, असं विचारलं तर म्हणतात, "झाली की दोन-तीन वर्सं. पर दुखत न्हाई."

दुखत नाही, हीच या आजाराची खोड आहे. किडलेली दाढ माणसाला मध्यरात्री उठवून बसवते. हिरडीचा आजार वर्षानुवर्षं मुकाट चालू राहतो. दात हलायला लागले की माणूस धावत येतो, आणि तोवर दाताला धरून ठेवणारं हाड बरंचसं गेलेलं असतं. तेव्हा बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: जिथून रक्त येतं तिथे ब्रश नीट पोचत नाही. आज रात्रीपासून तिथेच, हलक्या हातानं, जास्त वेळ फिरवा.

हे होतं कशानं

सकाळी उठल्या उठल्या दातांवरून जीभ फिरवून बघा. हिरडीच्या कडेला बुळबुळीत लागतं. नखानं खरवडलं तर पिवळट पांढरा लगदा निघतो. अडकलेलं अन्न असेल म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण तो जंतूंचा थर असतो आणि चूळ भरून तो जात नाही. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हूसच्या दंतवैद्यक महाविद्यालयात हॅराल्ड लोए या संशोधकानं चांगल्या हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या जागेवर आल्या. 'उष्णता वाढलीय', 'पित्त झालंय', 'व्हिटॅमिन कमी पडलंय' हे मी रोज ऐकते, आणि दर वेळी मला ते बारा जण आठवतात.

हा थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरतं आणि एक-दोन दिवसांतच तो टणक व्हायला लागतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. ते सगळीकडे सारखं साचत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिभेकडे, आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला सगळ्यात जास्त साचतं, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. नेमक्या याच दोन जागा घाईत सुटतात. एकदा कीटण झालं की ब्रशनं, मिठानं, सोड्यानं काही होत नाही, ते अवजारानंच काढावं लागतं. लिंबू तर चोळूच नका. कीटण राहतं जागेवर आणि दाताचं वरचं आवरण मात्र झिजतं.

इथवर नुसती हिरडीची सूज असते आणि ती पूर्ण बरी होते. पुढचा टप्पा म्हणजे पेरिओडोंटायटिस, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं पायरिया म्हणतात. सूज मुळाकडे उतरते, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. चांगल्या हिरडीतही एक ते तीन मिलिमीटरची फट असतेच. चार किंवा त्याहून जास्त भरली की आम्ही सावध होतो. त्या खोलीत हवा पोचत नाही, तिथे वेगळ्याच जातीचे जंतू फोफावतात, आणि त्यांच्याशी लढता लढता आपलं शरीरच दाताभोवतीचं हाड झिजवत जातं. ओढ्याकाठच्या झाडाची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जावी, मुळं उघडी पडावीत आणि झाड वरून हिरवंगार दिसत राहावं, तसं हे चालतं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उरलेलं मात्र राखता येतं, आणि आमचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो.

एकाच घरात, एकाच पेस्टवर दोन भावांपैकी एकाचे दात पन्नाशीत हलतात आणि दुसऱ्याचे सत्तरीतही घट्ट असतात. काही कल घराण्यातून येतो, तो आपल्या हातात नाही. पण आजार सगळ्यात जास्त पळवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे तंबाखू आणि मधुमेह. त्या दोन्हींवर बोलायलाच हवं.

मशेरीचं काय करायचं

आमच्या भागात तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि डबीत भरून ठेवतात. सकाळी, दुपारची भांडी झाल्यावर, रात्री निजताना बोटानं दातांना लावायची. लावणाऱ्या बाईच्या हिशेबी हे दात घासणंच असतं. "किती वेळा लावता मावशी?" "दोनदाच की." शेजारी बसलेली सून माझ्याकडे बघून गुपचूप पंजा दाखवते.

मशेरीनं दात साफ होत नाहीत. रोज जिथे बोट घासलं जातं तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, गार पाणी झोंबायला लागतं. ते झोंबू नये म्हणून पुन्हा मशेरी. त्याच जागी कधी पांढरा चट्टा उठतो. असा चट्टा किंवा न भरणारा व्रण दोन आठवड्यांच्या वर राहिला तर दाखवायलाच हवा, कारण त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. बिडी-सिगारेटची तऱ्हा वेगळी. धुरानं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. गडी म्हणतो, माझ्या हिरड्या एकदम टाइट. एक्स-रे काढला की वेगळंच दिसतं.

एकदम सोडणं सगळ्यांना जमत नाही, आणि 'मशेरीशिवाय पोट साफ होत नाही' ही तक्रार खोटीही नसते, निकोटीनची सवय तशीच असते. मी आधी दुपारची बंद करायला सांगते, मग रात्रीची. सकाळची सगळ्यात शेवटी. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. मुलाला नाहीतर सुनेला लावून द्यायला सांगा.

आरशासमोर पाच मिनिटं

दिवसाउजेडी, खिडकीपाशी, हातात आरसा घेऊन उभे राहा. खालचा ओठ खाली ओढा. हिरडीची कड दाताला चिकटून, धारदार, दोन दातांच्या मध्ये टोकदार दिसायला हवी. रंग गुलाबी, नाहीतर आपल्या सावळ्या माणसांच्या हिरड्यांवर असतो तसा काळपट. काळपट हिरडी म्हणजे आजार नव्हे, तो तुमचा रंग आहे. बघायचं ते वेगळंच. कड जाड, गोल, चकचकीत, लालभडक किंवा जांभळट झालीय का? बोटानं मुळाकडून दाताकडे दाबत आणलं तर पू येतो का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? समोरच्या दोन दातांत नवी फट पडली का, एखादा दात पुढे आला का? लग्नातला जुना फोटो काढून शेजारी धरा, हे फार लवकर कळतं. मग दोन दातांच्या मधून फ्लॉसचा दोरा घालून काढा आणि त्याचा वास घ्या. घाण वाटेल, पण तोंडाला वास येतो की नाही हे बायकोला विचारण्यापेक्षा सोपं आहे.

घासायचं कसं

ब्रश सॉफ्ट घ्या. कडक ब्रशनं दात जास्त स्वच्छ होतात ही समजूत घराघरांत आहे. त्या घरांतल्या लोकांचे दात मुळाशी खाचा पडलेले मी बघते. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी पुरे. ब्रश आडवा न धरता तिरपा, साधारण पंचेचाळीस अंशांत धरायचा, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतात. तिथल्या तिथे बारीक बारीक हलवायचा, दोन-तीन दातांवर दहा-पंधरा वेळा, मग पुढे सरकायचं. करवतीसारखा मागेपुढे ओढायचा नाही.

सुरुवात पुढच्या दातांच्या बाहेरून करू नका, सगळे तिथूनच करतात आणि आत पोचेपर्यंत कंटाळतात. आधी खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू घ्या. तिथे ब्रश उभा धरावा लागतो. मग वरच्या दाढा गालाकडून. तोंड निम्मं मिटा, म्हणजे गाल सैल पडतो आणि ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत जातो. मोठ्ठा आ करून घासणाऱ्याचा ब्रश तिथे पोचतच नाही. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातलं एकच जमणार असेल तर रात्रीचं करा. झोपेत लाळ कमी सुटते आणि थराला रात्रभर मोकळं रान मिळतं.

पहिले काही दिवस रक्त येईल. बेसिन लाल दिसेल. घाबरू नका. ब्रश नीट लागत राहिला की ते कमी कमी होत जातं. दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही, तर आत कीटण आहे असं समजून दवाखाना गाठा.

आता दोन दातांमधली जागा. ब्रशचा केस तिथे जातच नाही, आणि हिरडीचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. दात घट्ट असतील तर फ्लॉस. फटी पडल्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू शोभेल असा एक इवलासा ब्रश मिळतो, इंटरडेंटल ब्रश. तो वेगवेगळ्या जाडीचा येतो, कोणत्या फटीला कोणता हे एकदा डॉक्टरकडून बघून घ्या. फटीत किंचित अडून गेला पाहिजे, कोंबावा लागता कामा नये. बांगडीतली सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, केरसुणीचा हीर, हे सगळं लोक वापरतात. पिनेनं हिरडी फाटलेली बाई मी बघितली आहे. तुमच्यावर ती पाळी आणू नका.

कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीला माझा विरोध नाही, टोक नीट चावून मऊ केलं असेल तर. पण ती दोन दातांच्या मध्ये जात नाही. राखुंडी आणि कोळशाची पूड मात्र बंद करा, त्या दात झिजवतात. मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी आराम वाटतो, थर निघत नाही. हिरड्यांना लावायच्या लाल औषधाचंही तेच. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश चांगलं काम करतं, पण ते डॉक्टरनं सांगितलं तरच आणि तेवढेच दिवस घ्यावं. जास्त दिवस घेतलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव बिघडते. आणि पेस्टनं घासल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा जोर कमी होतो.

डॉक्टरकडे गेल्यावर काय विचाराल

"हिरडीचे खिसे मोजलेत का? किती मिलिमीटर भरले?" हा एक प्रश्न विचाराच. आमच्याकडे खुणा केलेली बारीक सळई असते. दाताभोवती सहा ठिकाणी ती हळूच आत सोडून खोली बघतात. नुसतं तोंड उघडायला लावून "स्केलिंग करून टाकू", म्हणजे अवजारानं कीटण काढून टाकू, असं म्हणणाऱ्यापेक्षा मोजून आकडे कागदावर लिहून देणारा बरा. पुढच्या खेपेला त्याच आकड्यांशी ताडून बघता येतं. हाड किती गेलंय ते एक्स-रेमध्ये दिसतं.

स्केलिंगनं दात ढिले होतात, ही तक्रार मला रोज कुणीतरी ऐकवतं. होतं असं की हलणाऱ्या दातांना कीटणानं एकमेकांशी चिकटवून ठेवलेलं असतं. ते निघालं की दात आधीच हलत होते हे कळतं. सूज उतरते, हिरडी आवळते, म्हणून फटीही दिसायला लागतात. काही दिवस गार पाणी झोंबतं. हे सगळं आधी सांगितलं नाही तर पेशंट गावभर "डॉक्टरीणबाईनं दात खिळखिळे केले" म्हणून सांगतो, आणि त्याचं तरी काय चुकतं!

खिसे खोल असतील तर भूल देऊन मुळापर्यंतची सफाई करावी लागते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तरीही खोल राहिलेल्या जागी छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. ज्यांना एकदा पेरिओडोंटायटिस झाला त्यांनी पुढेही दर तीन-चार महिन्यांनी यायचं असतं. लोक इथेच गळतात, दुखत नाही ना! खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. पेरिओडोंटॉलॉजी म्हणून विचारा.

मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून खाऊ नका. सूज तात्पुरती उतरते, कीटण आणि थर जागेवरच राहतात.

साखर आणि हिरडी

मधुमेहाचे डॉक्टर पाय तपासतात, डोळे तपासायला पाठवतात, किडनीची तपासणी सांगतात. तोंड उघडायला सांगणारे कमी. खरं तर त्याच हॅराल्ड लोए यांनी १९९३ साली पेरिओडोंटायटिसला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं होतं.

हे दोन्ही बाजूंनी चालतं. साखर चढलेली राहिली की जंतूंशी लढायची ताकद घटते, जखम उशिरा भरते, हाड लवकर झिजतं. उलट हिरड्यांमध्ये कायम सूज असली की तिथून निघणारी रसायनं रक्तात जातात आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आकडा छोटा वाटतो. पण मधुमेहाची एखादी गोळी वाढवूनही कधी कधी एवढाच फरक पडतो. म्हणून गोळ्या चालूच ठेवायच्या आणि हिरड्याही करून घ्यायच्या. उलट, हिरडीत वरचेवर गळवं येणाऱ्या, दात अचानक ढिले पडलेल्या चाळिशीतल्या माणसाला मी आधी साखर तपासून यायला सांगते. काहींना मधुमेह असल्याचं तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

खुर्चीवर यायच्या दिवशी उपाशी येऊ नका. नाश्ता करा, रोजची गोळी किंवा इन्सुलिन घ्या, शक्यतो सकाळची वेळ मागा, अलीकडचा रिपोर्ट सोबत आणा.

हृदयाबद्दल मी जपून बोलते. पेरिओडोंटायटिस असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळतात हे खरं. पण हिरड्या साफ केल्यानं हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली सगळा पुरावा तपासून हेच म्हटलं. कुणी तसं सांगून महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर उठून या. हृदयाची झडप बदललेल्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांनी स्केलिंगच्या आधीच सांगायला हवं, त्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात. सासूबाई "आत्ता दाताला हात लावायचा नाही" म्हणतात, पण स्केलिंग करता येतं, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड रोज पुसून, घासून स्वच्छ ठेवा, कवळी रात्री काढून ठेवा. तोंडातले जंतू श्वासातून छातीत उतरून न्यूमोनिया होतो.

आणि गोळ्यांची पिशवी सोबत आणा. नावं आठवत नाहीत, रंग आठवतो, त्यामुळे मला पिशवीच बरी. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिननं आणि फिट्सच्या फेनिटॉइननं काही जणांच्या हिरड्या गाठीसारख्या वाढतात. अशा वेळी गोळी आपली आपण बंद करायची नाही. मी चिठ्ठी देते, तुमचे डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करायच्या गोळीचंही तसंच, स्केलिंगला जायचं म्हणून ती घरच्या घरी थांबवू नका.

ब्रश न लावता आपोआप रक्त येत असेल, अंगावर निळे-जांभळे डाग उठत असतील, तर आधी रक्त तपासा. दोष रक्तातल्या पेशींमध्ये असू शकतो. पावसाळ्यात ताप आला आणि हिरडीतून रक्त यायला लागलं, तर ती डेंग्यूच्या धोक्याची खूण असू शकते. त्या दिवशी माझ्याकडे येऊ नका, सरळ फिजिशियनकडे जा.